पंखा वाजतोय? तेलाची बाटली उचलण्याआधी या चुका टाळा

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत पंख्याची पाती पुसून लख्ख करावीत आणि त्याच रात्री पंखा टकटक वाजू लागावा, असा अनुभव अनेक घरांत येतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरीही तेच झाले. आवाज ऐकताच मी शिडीवर चढून मोटरच्या वरच्या फटीत शिलाई मशीनचे तेल सोडले. आवाज थांबला नाहीच, उलट चार दिवसांत पात्यांवर काळपट ओघळ उतरले आणि तोवर ठणठणीत असलेले बेअरिंग, म्हणजे मोटर ज्यावर फिरते ते छऱ्यांचे कडे, पुढच्या उन्हाळ्यात घरघरू लागले. खरे कारण वेगळेच होते. रॉडवरची खालची वाटी, म्हणजे वायर व सांधा झाकणारे वाटीसारखे झाकण, पुसताना घसरून फिरत्या मोटरला घासू लागली होती. तिचा स्क्रू सैल करून ती थोडी वर सरकवली असती, तर दोन मिनिटांत काम झाले असते. तेव्हापासून मी एक गोष्ट आग्रहाने सांगतो: पंख्याचा आवाज कुठून येतो हे कळल्याशिवाय त्याला हात लावू नये.

आवाज न ओळखताच उपाय करणे

यासाठी कोणतेही अवजार लागत नाही. रात्रीच्या शांततेत पंखा पूर्ण वेगाने फिरू द्यावा आणि मग बटण बंद करून कान देऊन ऐकावे. वीज बंद झाल्यावरही पंखा बराच वेळ स्वतःच्या गतीने फिरत राहतो. बटण बंद करताच आवाज त्याच क्षणी थांबला, तर दोष विजेच्या बाजूला, म्हणजे रेग्युलेटर, वाईंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी), कंडेन्सर (पंखा सुरू होण्यास मदत करणारा छोटा भाग, यालाच कपॅसिटर म्हणतात) किंवा येणाऱ्या पुरवठ्यात आहे. आवाज तसाच चालू राहून पंख्याच्या गतीबरोबर मंदावत गेला, तर दोष यांत्रिक आहे, म्हणजे बेअरिंग, पाती, वाट्या, स्क्रू किंवा वरची टांगणी यांपैकी कशात तरी आहे. एवढ्या एका चाचणीने निम्मी शक्यता बाद होते, तरीही ती फारच थोडे लोक करतात.

यांत्रिक आवाजातही फरक असतो. सलग घरघर किंवा खरखर येत असेल, तर संशय बेअरिंगवर घ्यावा. प्रत्येक फेऱ्याला एकदाच टक् असा आवाज येत असेल, तर फिरणारी एखादी वस्तू स्थिर वस्तूला लागते आहे किंवा एका पात्याचा स्क्रू ढिला आहे. पूर्ण वेगात पंखा मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास फेरे घेत असल्यामुळे हा ताल कानाला पकडता येत नाही. म्हणून एका पात्याला रंगीत चिकटपट्टी लावावी, पंखा अगदी कमी वेगावर ठेवावा आणि ती पट्टी कुठे आली की आवाज होतो ते पाहावे. दर वेळी एकाच जागी आवाज होत असेल, तर वाटी किंवा वाटीतून बाहेर डोकावणारी वायर मोटरला लागत असण्याची शक्यता मोठी आहे. वायर लागत असेल तर तो केवळ आवाजाचा प्रश्न राहत नाही. घासून तिचे आवरण निघाले तर पंख्याच्या धातूच्या भागात वीज उतरू शकते, त्यामुळे त्या दिवसापासून पंखा बंदच ठेवावा.

केवळ बटण बंद करून वर चढणे

पंख्याला हात लावण्यापूर्वी त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मुख्य बोर्डावरचा वीज तोडणारा खटका, बंद करावा, कारण जुन्या वायरिंगमध्ये कधी कधी बटणावर फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आणलेला असतो आणि बटण बंद असूनही पंख्यापर्यंत वीज पोहोचलेली असते. ज्या घरांत इन्व्हर्टर आहे तिथे आणखी एक धोका आहे, आणि तो हमखास विसरला जातो: मुख्य स्विच बंद केला की इन्व्हर्टरला वीज गेल्यासारखे वाटते आणि तो पंख्याला पुरवठा सुरू करतो. म्हणून इन्व्हर्टरही बंद करून टेस्टरने खात्री करावी. चढण्यासाठी प्लास्टिकचे स्टूल किंवा खुर्चीवर रचलेला पाट वापरू नये. घडीची शिडी घ्यावी आणि खाली कोणाला तरी धरायला उभे करावे.

तेल घालणे

ही चूक सर्वांत जास्त पसरलेली आहे आणि ती चांगल्या हेतूने केली जाते. सायकलला, दाराच्या बिजागरीला, शिलाई मशीनला तेल दिले की कुरकुर थांबते, मग पंख्याची का थांबू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र आजच्या घरगुती पंख्यांत जी बॉल बेअरिंग असतात, त्यांच्या दोन्ही बाजूंना झाकणे असतात आणि आत कारखान्यातच ग्रीस भरलेले असते. वरून सोडलेले तेल आत गेले तर ते ग्रीस पातळ होऊन बाहेर वाहू लागते. आत गेले नाही, तर ते वाईंडिंगवर उतरते आणि त्यावर धूळ चिकटून चिखल होतो. खोबरेल तेल तर आणखी वाईट, कारण थंडीत ते गोठते आणि जुने झाले की चिकट होते. गंज सोडवणारा फवाराही इथे उपयोगाचा नाही. तो गंजून अडकलेला स्क्रू सोडवण्यासाठी असतो आणि बेअरिंगमधले ग्रीस धुऊन काढतो. दोन दिवस आवाज कमी झाल्याचा भास होतो आणि नंतर तो दुप्पट होऊन परततो. ज्या जुन्या, वजनदार पंख्यांना उत्पादकाने तेलासाठी मुद्दाम छिद्र ठेवले आहे, तेवढाच याला अपवाद समजावा.

बेअरिंग खराब झाले आहे का, हे हातानेच कळते. वीज बंद करून पंखा हलक्या हाताने, सावकाश फिरवावा. चांगले बेअरिंग लोण्यासारखे फिरते, तर झिजलेल्या बेअरिंगमध्ये वाळूचे कण असल्यासारखी खरखर बोटांना जाणवते. मग मोटर दोन्ही हातांनी धरून किंचित वर-खाली करावी. तिथे खडखड लागली, तर बेअरिंग बदलण्याला पर्याय नाही. घरी हातोडीने ठोकून जुने बेअरिंग काढण्याचा प्रयत्न करू नये, कारण त्यात शाफ्टला (मोटरच्या मधल्या दांड्याला) धक्का बसतो आणि वाईंडिंगची तार तुटू शकते. पंखा उतरवून वाईंडिंगच्या दुकानात द्यावा आणि वरचे व खालचे अशी दोन्ही बेअरिंग एकदमच बदलून घ्यावीत, कारण एक झिजलेले असेल तर दुसऱ्यानेही तितकेच फेरे घेतलेले असतात. जुन्या बेअरिंगवर कोरलेला क्रमांक पाहून नेमके त्याच क्रमांकाचे नवे बसवले आहे ना, हे समोर उभे राहून पाहावे.

पात्यांशी केलेली हयगय

पाते पुसताना एका हाताने खालून आधार न देता दुसऱ्या हाताने जोरात दाबले, की पात्याला मोटरशी जोडणारी पट्टी वाकते. वाकलेले पाते डोळ्यांना दिसत नाही, पण पंखा डोलू लागतो आणि त्या डोलण्याने वरचे सगळे सांधे वाजू लागतात. तपासण्यासाठी एकाच जागी उभे राहून प्रत्येक पाते आपल्यासमोर आणावे आणि त्याच्या टोकापासून छतापर्यंतचे अंतर मोजावे. तिन्ही अंतरांत चार-पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर पट्टी वाकली आहे असे समजावे. ती फार हलक्या हाताने, थोडीथोडी सरळ करता येते. पाते धरून पिरगळू नये, कारण पात्याचा कलच बदलला तर वाराही कमी होतो.

रंगकामाच्या वेळी दोन-तीन पंखे एकदम उतरवले जातात आणि सगळी पाती एका ढिगात पडतात. तिथेच नुकसान होते, कारण पाती वजन जुळवून संचानेच दिलेली असतात आणि बैठकीच्या पंख्याचे एक पाते झोपण्याच्या खोलीतल्या पंख्याला लागले की दोन्ही पंखे डोलतात. उतरवतानाच पात्याच्या आतल्या टोकावर मार्करने खूण करून ठेवावी. एखाद्या पात्याचे रिव्हेट सुटले असतील तर तेवढेच एक पाते आणून बसवण्यापेक्षा पूर्ण संच घ्यावा. हरवलेल्या स्क्रूच्या जागी हाताला लागेल तो लांब स्क्रूही लावू नये, कारण लांब स्क्रू मोटरच्या आत घुसून वाईंडिंगला लागू शकतो.

पाती, पट्ट्या, स्क्रू सगळे ठीक असूनही पंखा डोलत असेल, तर एक रुपयाचे नाणे चिकटपट्टीने पात्याच्या वरच्या बाजूला मध्यावर लावून पाहावे. एकेका पात्यावर आळीपाळीने लावले की कोणत्या पात्यावर डोलणे कमी होते ते कळते. नंतर ते नाणे थोडे पुढे-मागे सरकवून नेमकी जागा शोधावी आणि घट्ट चिकटवावे.

गुणगुण येत असताना मोटर खोलणे

वीज बंद करताच थांबणारी गुणगुण ऐकून मोटर जळाली असा निष्कर्ष घाईने काढला जातो. आपल्याकडचा पुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे मोटरच्या लोखंडावर सेकंदाला १०० वेळा चुंबकीय ओढ बसते आणि अगदी मंद गुणगुण प्रत्येक पंख्यात असतेच. ती वाढली असेल, तर आधी रेग्युलेटर ५ वर ठेवावा. ५ वर शांत असणारा पंखा २ किंवा ३ वर गुणगुणत असेल, तर दोष रेग्युलेटरचा आहे. गोल फिरवून वेग हळूहळू वाढवणारे डिमरसारखे रेग्युलेटर विजेची लाट कापून पंख्याला देतात, म्हणून तो गुणगुणतो. टप्प्याटप्प्याने वेग बदलणारा, कपॅसिटरवर चालणारा रेग्युलेटर बसवला की बहुधा प्रश्न सुटतो.

वीज गेल्यावरच पंखा गुणगुणत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा, म्हणजे गुळगुळीत लाटेऐवजी चौकोनी लाटेची वीज देणारा, आहे का ते पाहावे. अशा इन्व्हर्टरवर साधा पंखा वाजतोच आणि तापतोही. त्याचा दोष पंख्याला देऊ नये. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना वीजबचत दाखवणारे तारांकन बंधनकारक झाल्यानंतर कमी विजेवर चालणारे बीएलडीसी पंखे (ज्यांची मोटर आतल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालते) घरोघरी येत आहेत, पण ते बसवताना बोर्डावरचा जुना रेग्युलेटर तसाच मध्ये ठेवला जातो. या पंख्याचा वेग त्याच्या आतल्या सर्किटवर ठरतो, त्यामुळे मधला रेग्युलेटर काढून त्याला बटणातून थेट वीज द्यावी.

कंडेन्सर कमजोर झाला की पंखा मंद होतो, कधी नुसता गुणगुणतो आणि हाताने ढकलल्यावरच फिरू लागतो. तो बदलताना जुन्यावर छापलेला आकडाच घ्यावा. बऱ्याच पंख्यांत तो २.५ मायक्रोफॅरॅड असतो. वेग वाढेल या आशेने मोठ्या आकड्याचा लावला, तर वाईंडिंग तापते आणि आयुष्य घटते.

वरच्या टांगणीकडे न पाहणे

स्लॅबमधल्या हुकाला पंखा जिथे अडकवलेला असतो, तिथे बोल्टभोवती रबराचे रीळ असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने ते कडक होऊन फुटते, धातूवर धातू घासू लागतो आणि कुर्र-कुर्र असा आवाज खोलीभर घुमतो. डोलणे थांबवावे म्हणून त्या जागी चिंधी किंवा लाकडाची पाचर ठोकलेली मी पाहिली आहे, आणि ते धोक्याचे आहे. पंख्याला तिथे थोडेसे हलण्याची मोकळीक लागते. ती अडवली की सगळा ताण रॉडवर आणि हुकावर येतो. रबर स्वस्त असते, ते नवे घालावे. बोल्टच्या टोकाची स्प्लिट पिन जागेवर आहे आणि तिचे पाय फाकवलेले आहेत, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी पाहावे, कारण नट ढिला झाला तरी पंखा खाली येऊ न देणारी तीच असते. कोकणात आणि समुद्रालगतच्या गावांत खाऱ्या हवेने हूक आणि बोल्ट आतून खाल्ले जातात. तिथे बोल्ट झिजून बारीक झालेला दिसला तर आवाज असो वा नसो, तो बदलावा.

पीओपीचे छत असलेल्या घरात वरची वाटी त्या छताला टेकली, तर पंख्याची सूक्ष्म थरथर संपूर्ण छताला मिळते आणि ते ढोलासारखे वाजते. वाटी आणि छत यांच्यात बोट जाईल एवढी फट ठेवली की तो आवाज लगेच थांबतो. सगळे जुळवून झाल्यावर पंखा दहा मिनिटे पूर्ण वेगाने चालवावा, आणि आठवड्याने एमसीबी व इन्व्हर्टर बंद करून पात्यांचे आणि दोन्ही वाट्यांचे स्क्रू पुन्हा एकदा आवळून घ्यावेत, कारण नव्याने बसवलेले स्क्रू पहिल्या काही दिवसांतच थोडे सैल होतात.