मेकअप येतो, पण सगळ्या चेहऱ्यांवर?

एकाच मैत्रिणीवर सराव करून हात बसतो खरा, पण त्या एका चेहऱ्यापुरताच. पन्नाशीपुढच्या त्वचेवर करून बघा. डोळ्यांखाली पावडर जरा जास्त झाली की ती सुरकुत्यांत जाऊन बसते आणि वय उलट वाढलेलं दिसतं. तिथे कन्सीलरचा, म्हणजे डाग आणि काळी वर्तुळं झाकणाऱ्या क्रीमचा, थर पातळ हवा, पावडर अगदी नावापुरती. गडद वर्ण, तेलकट त्वचा, चष्म्यामागचे डोळे, सगळ्यांवर हात फिरू द्या. केसांचंही तेच: कुरळे केस कोरडे विंचरले की फुगतात, ते ओले असतानाच कंडिशनर लावून मोकळे करावेत. आणि प्रत्येक लूकचा फ्लॅश मारून एक फोटो काढाच. सिलिकाची पावडर जास्त झाली असेल, तर आरशात न दिसलेले पांढरे डाग फोटोत लगेच उठून दिसतात.