‘गॅसलाइट’ दुसऱ्यांदा बघायला बसताना

पावसाळ्यात ‘गॅसलाइट’ हा सिनेमा लावू नका. वेंगुर्ल्याला आमच्या कौलांवर आषाढातला पाऊस कोसळायला लागला की शेजारी बसलेलीचंही ऐकू येत नाही, आणि इथे तर माळ्यावरची पावलं ऐकायची असतात. आम्ही पाच मैत्रिणी दिवाळीनंतर बसतो. माजघराची पांढरी भिंत, प्रोजेक्टर, खाली चटया. सबटायटल चालू ठेवा.

दिग्दर्शक जॉर्ज क्यूकरचा १९४४ चाच घ्या. १९४० साली ब्रिटनमध्येही त्याच नाटकावर सिनेमा झाला होता, म्हणून इन्ग्रिड बर्गमनचं नाव बघून लावा.

बायकोला वेडी ठरवू पाहणारा नवराच गुन्हेगार, हे आता सगळ्यांना ठाऊक असतं, तेव्हा कामं वाटून घ्या. एकीने फक्त नवरा झालेल्या चार्ल्स बॉयरचे हात बघायचे. तू वस्तू हरवतेस, असं लाडाने सांगत तो ब्रोच बायकोच्या, म्हणजे बर्गमनच्या पॉलाच्या, पर्समध्ये ठेवतो, तिथे डोळा मिटू नका. दुसरीने नॅन्सी ही मोलकरीण बघायची. अँजेला लॅन्सबरीचा तो पहिलाच सिनेमा, आणि तिची नजर किती उद्धट आहे!

तिसरीकडे दिवा. माळ्यावर कुणी गॅस पेटवला की नळीतला दाब कमी होऊन खालचा दिवा मंदावतो. आमच्याकडे हे समजवावं लागत नाही. विहिरीवरचा पंप सुरू झाला की स्वयंपाकघरातला बल्ब असाच पिवळा पडतो. “दिवो बारीक झालो गो!” असं तिने प्रत्येक वेळी ओरडायचं.

जोसेफ कॉटनचा पोलीस अधिकारी घरात येतो आणि त्यालाही दिवा मंद झालेला दिसतो, तिथे सिनेमा थांबवा. आपल्याला दिसतंय ते खरंच घडतंय, हे पॉलाला तेव्हा पहिल्यांदा कळतं. गेल्या वर्षी इथे थांबलो तेव्हा एक मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, लग्नानंतर आठ वर्षं तिला सासरी विसराळू म्हणायचे. कपाटाच्या चाव्या कुठे जायच्या, ते तिला अजून कळलेलं नाही. असं कुणी बोललं तर समजूत घालायला जाऊ नका. चहा ठेवा, तिला बोलू द्या. सिनेमा थांबेल.

शेवटी नवरा खुर्चीला बांधलेला आणि सुरी पॉलाच्या हातात. मी तर वेडी, माझ्याकडून वस्तू हरवतात, मी तुझा दोर कसा कापणार, असं ती त्याला ऐकवते. या भूमिकेसाठी बर्गमनला ऑस्कर मिळालं. आमच्या मैत्रिणीने तो प्रसंग तीनदा लावायला लावला. तिन्ही वेळा आम्ही लावला.