डीप फ्रीझरमधील बिअरचे तापमान: माझा अनुभव

न्यू जर्सीतील आमच्या गॅरेजमध्ये, वरून झाकण उघडणाऱ्या डीप फ्रीझरला लाकडी चौकट जोडून आणि तिच्यात नळ बसवून मी घरी केलेल्या बिअरच्या तीन केगची (धातूच्या पिंपांची) सोय केली. फ्रीझर मुळात उणे १८ अंशांसाठी बनलेला असल्याने त्याचा वीजपुरवठा बाहेरच्या तापमान नियंत्रकातून दिला आणि ३ अंश सेल्सिअस ठरवले. तरीही पहिला ग्लास निम्मा फेसाने भरत असे आणि कॉम्प्रेसर सतत चालू-बंद होत असे.

दोष नियंत्रकाच्या तापमान मोजणाऱ्या संवेदकाच्या जागेत होता. तो हवेत लोंबकळत असल्यामुळे झाकण उघडताच तापमान चढे, कॉम्प्रेसर सुरू होई आणि बंद झाल्यावरही गार भिंती आतली उष्णता ओढत राहत. मी संवेदक केगच्या मध्यावर चिकटवून त्यावर फोमचा जाड तुकडा बांधला, म्हणजे तो हवेचे नव्हे, बिअरचे तापमान मोजू लागला. कॉम्प्रेसर सुरू आणि बंद होण्याच्या तापमानांतला फरक १ अंश आणि कॉम्प्रेसरच्या दोन फेऱ्यांमधील विश्रांती १० मिनिटे ठेवली.

फेस मात्र राहिलाच, कारण थंड हवा तळाशी बसते आणि केगमधून नळांपर्यंत बिअर नेणाऱ्या वरच्या नळ्या कोमट राहतात. त्यांतून येणाऱ्या बिअरमधला कार्बन डायऑक्साइड लगेच सुटतो. तळाशी संगणकातला १२ व्होल्टचा पंखा वर तोंड करून बसवला, तेव्हा तो प्रश्न सुटला. केगमधील कार्बन डायऑक्साइडचा दाब मी १२ पीएसआयवरच (पौंड प्रति चौरस इंच) ठेवला होता, आणि तो बदलण्याची घाई केली नाही याचे मला खरोखर समाधान वाटते. साचणाऱ्या ओलाव्यासाठी सिलिका जेलची पिशवी आत ठेवतो.