'येतो' म्हणजे कधी? ऑटिस्टिक मुलाला समोरच्याच्या मनातलं कसं उलगडून सांगायचं

आमच्याकडे पाहुणे निघताना 'येतो हं' म्हणाले की माझा मुलगा विचारायचा, कधी? एकदा मामा हसत 'हा काय, आलोच' म्हणून गेला आणि हा अर्धा तास खिडकीत उभा. सगळे हसले, पण जाताना येतो म्हणायचं हा खरं तर आपलाच उलटा कारभार आहे ना, आपल्याला सवय आहे इतकंच. मी थेरपिस्ट नाही, आई आहे, पोरगा आता तेरा वर्षांचा आहे, तर घरात जे उपयोगी पडलं ते लिहितेय.

आधी डोक्यात काय चालतं ते थोडंसं. १९८५ मध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी लंडनमध्ये एक बाहुल्यांचा प्रयोग केला, सॅली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, अ‍ॅन ती गुपचूप खोक्यात टाकते, आता सॅली आल्यावर गोटी कुठे शोधेल? २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जणांनी खोकं दाखवलं, म्हणजे जे स्वतःला माहितीये ते सॅलीलाही माहीत असणार असं धरलं. तेव्हापासून 'यांना दुसऱ्याचं मन कळतच नाही' हा शिक्का बसला तो बसलाच. पण चार जणांना जमलं होतं की! आणि भाषा वाढली की पुढे बऱ्याच मुलांना जमतं. शिवाय ज्या बहिऱ्या मुलांच्या घरात कुणालाच खुणांची भाषा येत नाही त्यांनाही हे उशिरा जमतं, म्हणजे मनाबद्दलच्या गप्पा किती कानावर पडतात, किंवा डोळ्यांना दिसतात, त्यावरही बरंच अवलंबून आहे.

घरी बघायचं असेल तर आइस्क्रीमचा डबा घ्या. आपल्याकडे त्यात आइस्क्रीम कधीच नसतं, मटार असतात. मुलाला विचारा आत काय आहे, मग उघडून मटार दाखवा, बंद करा, आणि विचारा की शेजारचा दादा आत्ता आला तर त्याला आत काय आहे असं वाटेल? चारेक वर्षांची बरीच मुलं 'आइस्क्रीम' म्हणतात. मूल 'मटार' म्हणालं तर घाबरू नका, हे निदान नाहीये, फक्त कुठून सुरुवात करायची ते कळतं. (दादाऐवजी आजी घेऊ नका, मटार तिनेच भरलेले असतात, आमची टेस्ट तिथेच फसली.)

मोठेपणी टेस्ट पास होतात तरी गोंधळ का होतो, तर आपल्याला जे आपोआप कळतं ते त्यांना बऱ्याचदा गणितासारखं सोडवावं लागतं. २००२ च्या एका ब्रेन स्कॅनच्या अभ्यासात पडद्यावर दोन त्रिकोण एकमेकांना फसवतात, समजावतात अशा हालचाली दाखवल्या, तर ऑटिस्टिक लोकांच्या मेंदूत बघण्याचा भाग नीट काम करत होता पण मनाचा अंदाज घेणाऱ्या भागांमध्ये हालचाल कमी दिसली. म्हणून उत्तर येतं, उशिरा येतं, आणि वर्गात गलका असला, भूक लागलेली असली की येतच नाही.

तर पहिली गोष्ट, तुमचा हेतू तोंडाने बोला. 'वा, काय दिवे लावलेस' म्हटलं तर पोरगं खूश होतं आणि मग आपण अजून चिडतो. 'बघू' म्हणजे नाही असेल तर नाही म्हणा, नाहीतर 'रविवारी सांगते' म्हणा आणि रविवारी खरंच सांगा. प्रश्न विचारला की मनात दहापर्यंत मोजा. मध्येच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला की त्याचं गणित पुन्हा पहिल्यापासून, ही चूक मी कित्येक वर्षं केली. आणि 'माझ्याकडे बघून बोल' बंद करा, तो ऐकतोय.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो चित्रांचा. कॅरल ग्रे नावाच्या अमेरिकन शिक्षिकेने १९९४ मध्ये ही पद्धत मांडली, काड्यांची माणसं काढायची, बोललेलं एका फुग्यात, मनातलं दुसऱ्या ढगात. शाळेत एका मुलाचा धक्का लागून याचा डबा सांडला, हा म्हणे त्याने मुद्दाम केलं. मी 'त्याला कसं वाटलं असेल' विचारलंच नाही, तो प्रश्न फारच मोठा आहे. विचारलं, त्याचं तोंड कुठे होतं? फळ्याकडे. मग त्याला डबा दिसत होता का? पेन्सिल थांबली, आणि थोड्या वेळाने यानेच ढगात लिहिलं, 'डबा माहीत नाही'. म्हणजे आधी समोरच्याला काय दिसलं, काय माहीत होतं, मग हेतू, आणि भावना सगळ्यात शेवटी.

एक नियम मात्र पाठच करून घ्या, 'आईला सांगू नको' असं कुणीही म्हटलं की ते आईला सांगायचंच. वाईट हेतू ओळखायला वेळ लागणाऱ्या मुलाला असा तयार नियम हाताशी हवाच.

आणि गैरसमज एकतर्फी नसतो हो. डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये हेच मांडलं की दोघांनाही एकमेकांचं मन कळत नाही, नाव मात्र एकाचंच खराब होतं. नंतर एडिनबरामध्ये कानगोष्टींसारखा प्रयोग झाला, सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांइतकीच नीट पोचली, मिसळलेल्या साखळीत जास्त गळली. आमचा मुलगा काकूला 'तुम्ही हे मागच्या वेळीही सांगितलं होतं' म्हणाला की तो उद्धट ठरतो, त्याला मात्र वाटत असतं आपण मदत केली. म्हणून आधी त्याला विचारा, तू हे का म्हणालास? आणि त्याला माया नाही असं तर अजिबात समजू नका, माझं डोकं दुखतंय हे चेहऱ्यावरून त्याला कळत नाही, पण सांगितलं की बाम घेऊन पहिला तोच येतो.

'येतो'चं काय झालं? मी सगळ्यांना म्हटलं सरळ 'जातो' म्हणा, तर आजी भडकली, जातो म्हणू नये. आता आमच्याकडे पाहुणे दारात उभं राहून 'येतो, म्हणजे गणपतीत' असं म्हणतात आणि हा कॅलेंडरवर लिहून ठेवतो.