रूट कॅनॉलमध्ये लेसर वापरताय? या चुका टाळा

नवा लेसर दवाखान्यात आला की प्रत्येक दाढेला तो लावून बघायची हौस असते. हौसेला हरकत नाही. पण ‘आता फायलिंग (फाईल या बारीक सुईसारख्या हत्याराने कॅनॉल घासणं) जरा कमी केलं तरी चालेल’ असं कुणी म्हणू लागलं, की पुढचा घोळ ठरलेला. एर्बियम-याग लेसरची (२९४० नॅनोमीटर) ऊर्जा पाणी झटक्यात शोषून घेतं. लेसरच्या टिपेपाशी वाफेचा बुडबुडा फुगतो, फुटतो आणि त्या धक्क्याने कॅनॉलमधला द्रव घुसळून निघतो. फाईल पोचत नाही त्या इस्थमसमधला (दोन कॅनॉलना जोडणारी अरुंद चीर) आणि बाजूच्या फाट्यांमधला गाळ सुटतो तो या घुसळणीने. कुजलेला पल्प (दाताच्या आतला मऊ भाग) विरघळवायचं काम मात्र हायपोचंच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचं.

म्हणून सगळ्यांत महाग पडणारी चूक म्हणजे चेंबर (कॅनॉलच्या वरची, दाताच्या माथ्यातली पोकळी) कोरडा पडू देणं. पिप्स पद्धतीत (एर्बियम लेसरने द्रव घुसळायची पद्धत) टिप चेंबरमध्येच स्थिर धरायची, कॅनॉलमध्ये खुपसायची नाही. टिप सतत बुडालेली हवी, म्हणजे असिस्टंटने सिरिंजने हायपो घालत राहायचं. सक्शनचं टोक पोकळीच्या तोंडाशी टेकवलं की घातलेलं हायपो तिथल्या तिथे ओढलं जातं आणि लेसर नुसता हवेत चालतो. सक्शन थोडं बाजूला धरायला सांगा. किडीने दाढेची एक भिंतच गेली असेल तर द्रव साठणार कुठे? आधी कंपोझिटने भिंत उभी करा, रबर डॅम (दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावा, मग लेसर. हे टाळणारे नंतर परिणाम दिसत नाही म्हणून पॉवर वाढवत बसतात. साधारण २० मिलिज्यूल, १५ हर्ट्झ या सेटिंगवर भागणारं काम रेटून केलं, तर हायपो मुळाच्या टोकाबाहेर जायची भीती. एपेक्स (मुळाचं टोक) उघडा असेल किंवा परफोरेशन (मुळाला पडलेलं भोक) असेल, तर ही भीती आणखी वाढते. हँडपीसची हवा बंद आहे ना, हेही बघा. हवा ऊतींत शिरली तर पेशंटचा गाल फुगतो.

डायोड लेसरची गोष्ट वेगळी. ८१० ते ९८० नॅनोमीटरचा हा प्रकाश पाणी फारसं शोषत नाही, त्यामुळे ही घुसळण त्याच्याकडून मागू नका. इथे प्रश्न उष्णतेचा. हाड ४७ अंशांवर मिनिटभर राहिलं तरी दुखावतं. फायबर (प्रकाश आत नेणारी बारीक तार) एका जागी थांबवू नका. मुळाच्या टोकापासून १ मिलिमीटर अलीकडून गोल फिरवत बाहेर घ्या. २०० मायक्रॉनचा फायबर अरुंद, वाकड्या कॅनॉलमध्ये कोंबला तर मोडतो, आणि मग तो काढत बसणं आलं.

द्रवांचा क्रमही चुकतो. हायपोवर थेट क्लोरहेक्सिडीन (दुसरं जंतुनाशक) पडलं की नारिंगी-तपकिरी गाळ धरतो आणि डेंटिनच्या (दाताच्या इनॅमलखालच्या थराच्या) नळ्यांची तोंडं बुजतात. मध्ये सलाईनने धुवा. १७ टक्के ईडीटीए (घासताना भिंतींवर बसलेला थर काढणारं द्रव) हायपोत मिसळलं तर हायपोची ताकदच जाते.

गॉगलबाबत ढिलाई सर्रास. डायोडचा गॉगल एर्बियमला चालत नाही. काचेवर किंवा फ्रेमवर तरंगलांबी छापलेली असते, ती वाचा. पेशंटला आणि असिस्टंटलाही गॉगल हवाच.

एवढं करूनही वरच्या पहिल्या दाढेचं दुखणं थांबत नसेल, तर लेसरचं मॅन्युअल बाजूला ठेवा आणि एमबी-टू (या दाढेतला सहज नजरेतून सुटणारा जादा कॅनॉल) सापडला होता का ते आधी बघा. तोंडच न उघडलेल्या कॅनॉलमध्ये लेसर काही करणार नाही.