पाइप मऊ पडण्याआधी हेड उघडलं पाहिजे: स्प्रिंकलरसाठी सीपीव्हीसी पाइप बसवताना

आगीची उष्णता आधी छताखाली साठते आणि स्प्रिंकलरचा, म्हणजे आग लागताच आपोआप पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचा, पाइपही छतालगतच जातो. मग प्लॅस्टिकचा पाइप वितळणार नाही का, ही शंका रास्तच आहे. सीपीव्हीसी (जास्त क्लोरीन घातलेलं पीव्हीसी प्लॅस्टिक) साधारण १०० ते ११० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडू लागतो. खोल्यांमध्ये नेहमी दिसणाऱ्या लाल बल्बच्या हेडची (पाणी फवारणाऱ्या तोंडाची) काच ६८ अंशांना फुटते. हेड उघडलं की पाइपमधून पाणी वाहू लागतं, पाइप आतून थंड राहतो आणि खालची आग दबल्यामुळे बाहेरची उष्णताही उतरते. हेड वेळेत उघडलं तर पाइप टिकतो, उशीर झाला तर टिकत नाही. खालच्या बहुतेक नियमांमागे हेच एक कारण आहे.

आगीला इंधन मिळेल ही भीती मात्र फारशी नको. सीपीव्हीसी जळत राहण्यासाठी हवेत सुमारे ६० टक्के ऑक्सिजन लागतो, आणि आपल्या हवेत तो २१ टक्केच असतो. ज्वाळा बाजूला झाली की पाइप स्वतःहून विझतो आणि वर कोळशाचा थर धरतो. दुसऱ्या आगीत सापडला तर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा झोंबणारा वायू निघतो, हेही खरं. पण खरा धोका पाइप पेटण्याचा नसून दाबाखाली फुगून फुटण्याचा असतो.

कोणता पाइप, कुठे

घरातल्या गरम पाण्याचा फिकट पिवळा सीपीव्हीसी पाइप इथे चालत नाही. रासायनिक जात तीच असली तरी त्याची आगीत परीक्षा झालेली नसते. स्प्रिंकलरचा पाइप बहुधा नारिंगी असतो, पण रंगावर विसंबू नका, त्यावरची छपाई वाचा. एसडीआर १३.५ (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या १३.५ पट), एएसटीएम एफ४४२ (या पाइपचं अमेरिकी मानक), ‘१५० अंश फॅरनहाइटला १७५ पीएसआय’ आणि अग्निसेवेसाठीच्या मान्यतेची खूण एवढं त्यावर असलंच पाहिजे. यूएल या अमेरिकी चाचणी संस्थेची यूएल १८२१ ही याच पाइपांची परीक्षा आहे. १७५ पीएसआय म्हणजे सुमारे १२ बार, आणि १५० फॅरनहाइट म्हणजे साधारण ६५ सेल्सिअस. २३ अंशांना हाच पाइप जवळपास २२ बार पेलतो. तापमान वाढतं तशी ताकद उतरते, म्हणून उन्हाने तापणाऱ्या पत्र्याच्या छताखाली, बॉयलरजवळ किंवा वाफेच्या लाइनशेजारी तो नेऊ नका.

एनएफपीए १३ या स्प्रिंकलरच्या अमेरिकी मानकानुसार हा पाइप मुळात कमी धोक्याच्या जागांसाठी आहे: निवास, कार्यालयं, शाळा, रुग्णालयं. मध्यम धोक्याच्या जागेत फक्त ३७ चौरस मीटरपर्यंतच्या छोट्या खोलीत त्याला मुभा मिळते. गोदाम आणि कारखान्यासाठी लोखंडी पाइपच घ्या. लाइन कायम पाण्याने भरलेली हवी. हवा भरून ठेवलेल्या कोरड्या लाइनमध्ये पाइपला आतून थंड करणारं काहीच नसतं, शिवाय दाबलेल्या हवेने तडकलेला पाइप तुकडे उडवतो.

झाकलेला की उघडा

झाकलेला बरा, आणि शक्य असेल तिथे तोच मार्ग घ्या. ९.५ मिलिमीटर जाडीचा जिप्सम बोर्ड, १२.७ मिलिमीटरचा प्लायवूड किंवा चौरस मीटरला किमान १.७ किलो वजनाच्या टाइलचं फॉल्स सीलिंग, यांपैकी एक आवरण पाइप आणि खोलीच्या मध्ये हवं. त्याहून हलक्या टाइल उष्ण वायूच्या दाबाने उचलल्या जातात आणि पाइप उघडा पडतो.

पाइप उघडाच ठेवायचा असेल तर अटी कडक होतात. छत सपाट हवं, पाइप छताला लागून बसलेला हवा आणि हेड क्विक रिस्पॉन्स जातीचं, ७७ अंशांपेक्षा जास्त नसलेलं हवं. डिफ्लेक्टर (पाणी पसरवणारी हेडची चकती) छतापासून २०० मिलिमीटरच्या आत आणि दोन हेडमधलं अंतर जास्तीत जास्त ४.६ मीटर ठेवा. काही कंपन्यांची मान्यता याहून वेगळी असते, तेव्हा वापरत असलेल्या पाइपची पुस्तिका अंतिम माना. क्विक रिस्पॉन्स हेडचा काचेचा बल्ब साधारण ३ मिलिमीटरचा, तर नेहमीच्या हेडचा ५ मिलिमीटरचा असतो. बारीक बल्ब लवकर तापतो, लवकर फुटतो. नंतर कुणी दुरुस्तीत जाड बल्बचं किंवा ९३ अंशांचं हिरवं हेड बसवलं, तर पाइपला मिळणारा वेळच हातचा जातो.

आधार

प्लॅस्टिक लोखंडापेक्षा लवकर झोळ धरतं, म्हणून पाइप टांगणारे हँगर कमी अंतरावर लागतात. दोन हँगरमधलं जास्तीत जास्त अंतर: पाऊण इंचीला १.७ मीटर, एक इंचीला १.८, दीड इंचीला २.१, दोन इंचीला २.४ आणि तीन इंचीला ३ मीटर. हँगरची पट्टी किमान १२.७ मिलिमीटर रुंद आणि धार नसलेली हवी. ती पाइपला आवळू नये, कारण पाइपला सरकायला जागा लागते. दहा मीटर लाइनचं तापमान ३० अंशांनी बदललं तर ती सुमारे १८ मिलिमीटर वाढते किंवा आखडते, लोखंडाच्या जवळपास पाचपट. लांब सरळ धावेत वळण किंवा लूप द्या.

शेवटच्या हेडकडे विशेष लक्ष द्या. हेड फुटताच पाण्याच्या झोताची उलट धक्क्याची ताकद पाइपला वर उचलते. आधार दूर असेल तर डिफ्लेक्टर सीलिंगच्या वर जातो आणि पाणी खोलीऐवजी पोकळीत पडतं. दाब ६.९ बारपर्यंत असेल तर शेवटच्या एल्बोपासून (कोपऱ्याच्या जोडापासून) पाऊण इंचीला २३० आणि एक इंचीला ३०० मिलिमीटरच्या आत आधार द्या. दाब त्याहून जास्त असेल तर १५० आणि २३०. हा आधार पाइपला वर उचलू न देणारा हवा. नुसता खालून धरणारा हुक कामाचा नाही.

जोड

१. पाइप काटकोनात कापा. थंडीत रॅचेट कटरने चीर पडते. चीर दिसली तर तिच्या टोकापासून आणखी किमान ५० मिलिमीटर आत कापा.

२. आतली-बाहेरची बर (कापताना राहिलेली खरबरीत कड) काढा आणि कडेला १० ते १५ अंशांचा उतार द्या. कड टोकदार राहिली तर ती सॉकेटमधलं (फिटिंगच्या तोंडातलं) सिमेंट, म्हणजे पाइप चिकटवायचं द्रावण, खरवडून पुढे ढकलते आणि जोड आतून कोरडा राहतो.

३. कोरडा बसवून पाहा. पाइप सॉकेटच्या एक तृतीयांश ते दोन तृतीयांश खोलीवर घट्ट व्हायला हवा.

४. पाइपच्या टोकाला सिमेंटचा भरपूर, सॉकेटला मध्यम थर द्या. सव्वा इंची आणि वरच्या मापांना पाइपवर पुन्हा एक हात द्या. सिमेंट त्याच पाइपसाठी मान्य असलेलं हवं. घट्ट झालेला डबा पातळ न करता टाकून द्या.

५. लगेच पाव फेरा फिरवत तळापर्यंत ढकला आणि ३० सेकंद धरून ठेवा. सगळीकडून सिमेंटची सलग कड दिसली पाहिजे. जास्तीचं पुसून घ्या. आत साचलेलं सिमेंट पाइपची भिंत मऊ करतं, वाटही अडवतं.

हेड आधी फिटिंगमध्ये बसवून मग जोड चिकटवू नका. ओघळलेलं सिमेंट हेडच्या तोंडात जाऊन सुकतं, आणि ते कळतं आग लागल्यावरच. जोड किमान अर्धा तास सुकू द्या, मग टेफ्लॉन टेप लावून हेड बसवा. फिटिंगला एका पान्ह्याने पकडा, म्हणजे जोडावर पीळ येणार नाही.

रसायनं: सगळ्यात जास्त पाइप इथेच जातात

काही तेलं आणि द्रावकं सीपीव्हीसीवर दाबाखाली बारीक भेगा पाडतात. भेग दिवसांनी किंवा महिन्यांनी उघडते, म्हणून पाणी भरून घेतलेल्या परीक्षेत ती दिसतच नाही. यापासून पाइप जपा:

- लोखंडी पाइपला आटे पाडताना लागणारं कटिंग ऑइल. मुख्य लाइन लोखंडी आणि शाखा प्लॅस्टिकच्या असतील तर लोखंडी भाग जोडण्याआधी आतून स्वच्छ धुवा. आतून गंजरोधक लेप असलेला पाइप मान्य यादीत नसेल तर घेऊ नका.
- मऊ पीव्हीसीची वायर आणि केबल. तिच्यातलं प्लॅस्टिसायझर (प्लॅस्टिक मऊ ठेवणारं रसायन) पाइपमध्ये उतरतं. स्प्रिंकलरच्या लाइनवर केबल टाकण्याची सवय सर्वत्र आहे, ती हट्टाने मोडा.
- फायर सीलंट, फोम, रबरी ग्रोमेट, वाळवीची औषधं, द्रावकावर आधारित रंग. अग्निरोधक भिंतीतून पाइप नेताना भोक बुजवावंच लागतं, पण त्याच पाइपसाठी मान्य असलेल्या सीलंटने किंवा आगीत फुगणाऱ्या कॉलरने. फोम सुकताना तापतो, तो पाइपवर थेट मारू नका.
- थंडीत गोठू नये म्हणून भरलेलं ग्लायकॉल. ते सीपीव्हीसीला तडकवतं.

परीक्षा

आधी जोड सुकू द्या. तापमान १६ अंशांच्या वर असेल तर पाऊण इंचीला साधारण एक तास, दोन इंचीला आठ आणि तीन इंचीला चोवीस तास लागतात. ४ ते १५ अंशांत हेच आकडे चार तास, दोन दिवस आणि चार दिवस होतात. सिमेंटच्या सूचना वेगळं सांगत असतील तर त्या पाळा.

लाइन हळू भरा आणि सर्वात दूरच्या, सर्वात उंच टोकातून हवा पूर्ण काढा. अडकलेली हवा दाबाचे हेलकावे देते. मग पाण्याचा दाब १३.८ बारवर दोन तास ठेवा. नेहमीचा दाब १०.३ बारच्या वर असेल तर परीक्षेचा दाब त्याहून ३.४ बार जास्त घ्या. हवेने परीक्षा घेऊ नका.

नंतर

उघड्यावर साठवलेला पाइप उन्हात ठिसूळ होतो, तो अपारदर्शक आच्छादनाखाली ठेवा. हेडवर रंग लागला तर हेड बदला. लाइन रिकामी करून नूतनीकरण सुरू असेल, तर तेवढा काळ पाइपला आगीपासून काहीच संरक्षण नसतं. शक्यतो कामाचा भाग वॉल्व्हने वेगळा करून बाकीची लाइन भरलेली ठेवा आणि रिकाम्या भागाखाली वेल्डिंग, ग्राइंडिंग होऊ देऊ नका. सीलिंगची एखादी टाइल काढली तर त्याच दिवशी परत बसवा.