व्हायवात तोंड बंद का पडतं

मराठी माध्यमातून बारावी करून इंजिनीअरिंगला किंवा बीएस्सीला आलेल्या कितीतरी मुलांना विषय येतो, लेखी पेपरही सुटतो, पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, इंग्रजीत बोलताना घशाला कोरड पडते. लगेच स्वतःवर भित्रेपणाचा शिक्का मारू नका. १९८६ साली भाषाशिक्षणाच्या संशोधक इलेन हॉर्विट्झ आणि सहकाऱ्यांनी ही धास्ती मोजायला ३३ विधानांची प्रश्नावली बनवली, तीच मुळी परक्या भाषेच्या वर्गातली भीती वेगळी असते असं धरून. मराठी वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली मुलंही इथे अडखळतात.

खरा फास मनातल्या भाषांतराचा. हा नीट समजून घ्या. एक्स्टर्नलने, म्हणजे बाहेरून आलेल्या परीक्षकाने, विचारलं, हा रेझिस्टर कशाला? मनात वाक्य जुळतं: "करंट जास्त होऊन एलईडी जळू नये म्हणून आम्ही हा रेझिस्टर लावलाय." मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीला ते कर्त्याला लागूनच हवं. म्हणजे अख्खं वाक्य डोक्यात धरायचं आणि शेपटीकडून उलटं फिरवायचं. तेवढ्यात शांतता पडते, शांततेने धडधड वाढते, आणि धरलेलं वाक्यही निसटतं. म्हणून ते जुळायच्या आधीच तोडा. "वी ॲडेड धिस रेझिस्टर. इट लिमिट्स द करंट. सो द एलईडी इज सेफ." तीन तुकडे, प्रत्येकात आधी कर्ता, लगेच क्रियापद. लांब वाक्य म्हणजे चांगलं इंग्रजी, हा समज सोडाच.

सरावाला ४-३-२ घ्या. आपलंच प्रॅक्टिकल एका मित्राला ४ मिनिटांत सांगा, तेच दुसऱ्याला ३ मिनिटांत, तिसऱ्याला २. मजकूर तोच असल्याने शेवटच्या फेरीला डोकं शब्दांसाठी मोकळं राहतं. ऐकणारा दर वेळी नवा हवा, नाहीतर "हे मघाशी सांगितलंय" म्हणून आपण गाळायला लागतो. लिहून घोकलंत तर मात्र सगळं वाया. एक शब्द विसरला की पुढची गाडी तिथेच अडते. आणि दर वाक्याला टोकणारा मार्गदर्शक कितीही विद्वान असो, पहिले दोन महिने त्याच्यापासून लांब राहा. चुका शेवटी सांगाव्यात, त्याही दोनच. "३० दिवसांत फाडफाड इंग्रजी"वाल्या क्लासात पैसे घालू नका.

थरथर पूर्ण जाणार नाही. ती असतानाही बोलता येतं, खरंच येतं. पाठ करायचं तर एकच वाक्य करा: "कुड यू रिपीट द क्वेश्चन, सर?" तरीही अडलात, तर कागद ओढा, सर्किट काढा, बोट ठेवून "करंट फ्लोज हिअर" म्हणा आणि तिथून पुढे सरका.